दीर्घिकासमूहातल्या कृष्णद्रव्याचा नकाशा कसा काढायचा: एबेल १६८९ हाताशी घेऊन

कन्या राशीतल्या एबेल १६८९ या दीर्घिकासमूहाचा आज आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश सुमारे सव्वादोनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. १९९० साली टोनी टायसन आणि सहकाऱ्यांनी दोन समूहांमागच्या अंधूक निळ्या दीर्घिका केंद्राभोवती फेर धरल्यासारख्या किंचित ताणलेल्या असल्याचे दाखवले. त्या दोन समूहांपैकी हा एक. हे गुरुत्वीय भिंग: समूहाचे वस्तुमान, त्यातल्या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यासकट, मागचा प्रकाश वाकवते, आणि त्या ताणावरून वस्तुमान काढता येते. त्याचा हात बसवायला याच्याइतका सोयीचा समूह मिळणे अवघड आहे. वस्तुमान अवाढव्य आहे, अंतर माफक आहे, जमिनीवरची सुबारू आणि अवकाशातली हबल या दोन्ही दुर्बिणींची जुनी निरीक्षणे खुल्या संग्रहात आहेत आणि आपले उत्तर ताडून पाहायला गेल्या तीन दशकांतली इतरांची उत्तरेही आहेत.

नकाशा काढणारा प्रोग्राम पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींत बसतो आणि काही सेकंदांत चालतो. खरा वेळ जातो तो त्या प्रोग्रामला कोणत्या दीर्घिका खायला घालायच्या हे ठरवण्यात, आणि नकाशावर उगवलेला प्रत्येक ढीग खरा की खोटा हे तपासण्यात. म्हणून खाली गणित थोडे आणि तपासण्या जास्त आहेत.

कामापुरती भाषा

समूहाचे वस्तुमान मागून येणारा प्रकाश वाकवते, तेव्हा मागच्या दीर्घिकेच्या प्रतिमेला दोन गोष्टी होतात. ती फुगते आणि ती ताणली जाते. फुगवणाऱ्या राशीला कप्पा म्हणतात, ताणणाऱ्या राशीला शिअर. शिअरचे दोन घटक असतात: पहिला आडव्या-उभ्या दिशेचा ताण सांगतो, दुसरा तिरक्या दिशेचा. आपल्याला नकाशा हवा आहे कप्पाचा, कारण कप्पा म्हणजेच दृष्टिरेषेवर साचलेले वस्तुमान भागिले एक ठरावीक घनता. मोजता येतो तो मात्र ताण, आणि तोही निखळ नाही. हाताला लागते ती

लघुकृत शिअर = शिअर ÷ (१ − कप्पा)

ती ठरावीक घनता, म्हणजे क्रांतिक पृष्ठघनता, तीन अंतरांवर ठरते: आपण ते समूह, आपण ते मागची दीर्घिका आणि समूह ते मागची दीर्घिका. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा हबल स्थिरांक ७० आणि विश्वातल्या द्रव्याचे प्रमाण ०.३ धरले, तर ०.१८३ ताम्रसृतीच्या, म्हणजे रेडशिफ्टच्या (प्रसरणाने प्रकाश किती लाल झाला तो आकडा; जितका मोठा तितकी वस्तू दूर), या समूहाचे कोनीय अंतर ६३५ मेगापार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) येते. ताम्रसृती १ वरच्या दीर्घिकेचे येते १,६५२ आणि दोघांमधले १,२७६. यावरून क्रांतिक घनता निघते दर चौरस पार्सेकला सुमारे ३,४०० सौरवस्तुमान. दर चौरस सेंटिमीटरला ती ०.७ ग्रॅम भरते, म्हणजे ताटलीत सात मिलिमीटर पाणी असावे तेवढी. अख्खा दीर्घिकासमूह दृष्टिरेषेवर चेपून सपाट केला, तर त्याच्या गाभ्यातच काय तो एवढा थर जमतो. बाकी सगळीकडे भिंग दुर्बल असते.

मोजपट्टीही लिहून ठेवा: या समूहाच्या अंतरावर १ विकला म्हणजे ३.०८ किलोपार्सेक आणि १ कला म्हणजे १८५ किलोपार्सेक. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा.)

पायरी १: आधी खोटे आकाश

खऱ्या प्रतिमेला हात लावण्याआधी संगणकात बनावट आकाश तयार करा. ३४ × २७ कलांच्या चौकटीत ११,००० दीर्घिका इतस्ततः टाका. प्रत्येकीला यादृच्छिक लांबटपणा द्या, दर घटकाला ०.२८ प्रमाण विचलनाचा. मग मधोमध ४७ विकला आइन्स्टाइन त्रिज्येचे (ज्या वर्तुळात सरासरी कप्पा १ भरतो त्याची त्रिज्या) समतापी भिंग ठेवा, म्हणजे ज्याची घनता अंतराच्या वर्गाप्रमाणे उतरते असे. त्याचा शिअर केंद्रापासूनच्या अंतरावर सोप्या सूत्राने मिळतो: आइन्स्टाइन त्रिज्या भागिले अंतराची दुप्पट. ५ कलांवर तो ०.०७८, १० कलांवर ०.०३९. केंद्राजवळ, दोनेक कलांच्या आत, शिअरऐवजी लघुकृत शिअर द्यायला विसरू नका. आता पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे प्रोग्राम आधी या खोट्या आकाशावर चालवा.

हे सोडून देण्याचा मोह होतो. पण चिन्हांच्या चुका इथे एका नजरेत सापडतात. खऱ्या डेटात त्या आठवडे खातात. प्रतिमेतला एक अक्ष उलटा घेतला गेला (विषुवांश, म्हणजे आकाशातले रेखांश, डावीकडे वाढतो, हे विसरणे सर्वांत सोपे), तर शिअरच्या दुसऱ्या घटकाचे चिन्ह उलटते. ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली, तर पहिल्याचे. कोणतेही एकच चिन्ह चुकले, तर केंद्राभोवतीच्या वलयातली ताणाची सरासरी शून्याजवळ येते आणि नकाशावर समूहाच्या जागी चार उजळ आणि चार काळ्या पाकळ्यांचे फूल उमटते. दोन्ही चिन्हे चुकली, तर ढिगाच्या जागी खड्डा दिसतो. हे फूल एकदा पाहिले की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

पायरी २: प्रतिमा

समूहाचा पूर्ण विस्तार घ्यायचा तर रुंद क्षेत्र लागते. सुबारूच्या ८.२ मीटर दुर्बिणीवरचा सुप्रीम-कॅम कॅमेरा ३४ × २७ कला पाहत असे, ०.२ विकलांच्या पिक्सेलने. एबेल १६८९ च्या अंतरावर ३४ कला म्हणजे ६.३ मेगापार्सेक, त्यामुळे समूह कडेपर्यंत मावतो. हबलचा एसीएस कॅमेरा फक्त २०२ विकला पाहतो, म्हणजे ६२० किलोपार्सेक, पण ०.०५ विकलांच्या पिक्सेलने. म्हणून बाहेरचा भाग सुबारूवरून आणि गाभा हबलवरून, अशी वाटणी करा.

आकार मोजण्यासाठी एकच फिल्टर निवडा, ज्यात वातावरणाचे सीइंग (हवेच्या थरथरीने प्रतिमा किती पसरते ते माप) सर्वांत चांगले आहे: ०.७ विकलांच्या आसपास किंवा त्याहून कमी. बाकीचे फिल्टर रंगांसाठी. सीइंग १ विकलेच्या वर गेले असेल, तर ती रात्र आकारांच्या हिशोबातून सरळ वगळा. खोली वाढते म्हणून ती मिसळली, तर मागच्या लहान दीर्घिका धुक्यात विरघळतात आणि हाती काही येत नाही.

बायस (कॅमेऱ्याचा मूळ आकडा) आणि फ्लॅट (पिक्सेलांची असमान संवेदनशीलता) यांची दुरुस्ती, आकाशाची उजळी काढणे हे नेहमीचेच. इथे विशेष जपायचे ते दोन गोष्टींत. पहिली, ताऱ्यांच्या स्थानांची जुळणी: गाया उपग्रहाच्या तारकासूचीवर प्रत्येक चिप वेगळी बसवा. वेगवेगळे फोटो पिक्सेलच्या थोड्या भागानेही सरकलेले एकमेकांवर रचले, तर सगळ्या दीर्घिका एकाच दिशेला लांबट होतात आणि ते भिंगासारखेच दिसते. दुसरी, हबलच्या चिपमध्ये किरणोत्साराने झालेली इजा. विद्युतभार वाचताना मागे सांडत जातो आणि दीर्घिकांना वाचनाच्या दिशेने शेपूट फुटते. त्याची दुरुस्ती केलेल्या प्रतिमाच संग्रहातून उतरवा.

ठळक ताऱ्यांची वलये, त्यांचे उभे पट्टे, उपग्रहांच्या रेघा, चौकटीच्या कडा हे सगळे झाका. झाकलेल्या भागाचा वेगळा नकाशा जपून ठेवा, तो पुढे दोनदा लागतो.

पायरी ३: तारे वेगळे काढा, पीएसएफ बसवा

सोर्स एक्स्ट्रॅक्टर या प्रोग्रामने वस्तूंची यादी काढा आणि प्रत (ठळकपणा सांगणारा आकडा) विरुद्ध अर्धप्रकाश त्रिज्या (जिच्या आत निम्मा प्रकाश येतो ती) असा आलेख करा. तारे एका अरुंद उभ्या पट्टीत रांगेने उभे राहतात, कारण सगळ्यांचा आकार एकच असतो: वातावरण आणि दुर्बीण मिळून बिंदूला जो पसरवतात तो. यालाच पीएसएफ म्हणतात. पट्टीतले अतिठळक तारे टाकून द्या. ते चिपवर भरून वाहतात, आणि भरले नसले तरी ठळक तारा अंधूक ताऱ्यापेक्षा थोडा जाड उमटतो. फार अंधूकही नकोत, त्यांत दीर्घिका मिसळलेल्या असतात.

पीएसएफचा लांबटपणा क्षेत्रभर बदलतो आणि काही टक्के असतो, म्हणजे आपण शोधतो त्या खुणेएवढाच. प्रत्येक चिपवर तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या घाताच्या बहुपदीने बसवा. पाचापैकी एक तारा या बसवणीतून मुद्दाम बाहेर ठेवा आणि शेवटी त्या राखीव ताऱ्यांवर किती लांबटपणा उरला ते बघा. बसवणीत वापरलेल्या ताऱ्यांवर तपासणी करण्यात अर्थ नाही. घात वाढवत नेला की ते हमखास सरळ होतात.

पायरी ४: आकार

यादीतून तीच दीर्घिका घ्या जिची त्रिज्या ताऱ्यांच्या पट्टीपेक्षा किमान १५ टक्के मोठी आहे आणि जिचा संकेत गोंगाटाच्या दहापट तरी आहे. एकमेकींना चिकटलेल्या जोड्या काढून टाका. आकार मोजण्याची जुनी पद्धत १९९५ ची: कायझर, स्क्वायर्स आणि ब्रॉडहर्स्ट यांची, दीर्घिकेच्या प्रकाशाचे भारित आघूर्ण घेणारी, म्हणजे प्रकाश कोणत्या दिशेला किती पसरला ते मोजणारी. हल्ली प्रारूप बसवतात किंवा मेटाकॅलिब्रेशन करतात, म्हणजे त्याच प्रतिमेला हाताने थोडासा ताण देऊन मोजणीचा प्रतिसाद किती येतो ते बघतात. सरावाला जुनी पद्धत पुरते. पण कोणतीही घेतली तरी गॅलसिम या प्रोग्रामने बनवलेल्या, ताण माहीत असलेल्या प्रतिमांवर ती आधी तपासा. अंधूक दीर्घिकांत जवळजवळ प्रत्येक पद्धत ताण कमी मोजते. शिअर ५ टक्क्यांनी कमी आला, तर समूहाचे एकूण वस्तुमान ७ टक्क्यांच्या आसपास कमी निघते.

इथली सर्वांत महाग चूक अगदी बाळबोध आहे. लांबटपणाच्या दोन व्याख्या प्रचलित आहेत. लांबी-रुंदीचा फरक भागिले बेरीज ही एक. त्यांच्या वर्गांचा फरक भागिले वर्गांची बेरीज ही दुसरी. रुंदी लांबीच्या ०.८ असेल, तर पहिलीत ०.११ येते आणि दुसरीत ०.२२. पहिलीची सरासरी थेट लघुकृत शिअर देते. दुसरीला प्रतिसादाने, म्हणजे जवळपास २ ने, भागावे लागते. प्रोग्राम कोणती देतो हे न बघता पुढे गेलात, तर समूह दुपटीहून जड निघतो आणि नकाशा दिसायला मात्र अगदी देखणा असतो.

पायरी ५: मागच्या दीर्घिका कोणत्या

सगळ्या कामात लक्ष घालायचे ते इथे.

प्रतिमेतल्या दीर्घिका तीन जातींच्या: समूहाच्या अलीकडच्या, समूहातल्या आणि समूहापलीकडच्या. ताण बसतो तो फक्त तिसऱ्या जातीला. पहिल्या दोन सरासरीत शिरल्या की खूण पातळ होते. एखाद्या वलयात ३० टक्के दीर्घिका समूहातल्या असतील, तर शिअर ३० टक्क्यांनी कमी येतो. वाईट भाग असा की समूहाचे सदस्य केंद्राकडे दाटतात. त्यामुळे पातळपणाही केंद्राकडे वाढतो आणि समूह आहे त्यापेक्षा मऊ, पसरट भासतो. एबेल १६८९ च्या जमिनीवरून झालेल्या सुरुवातीच्या मोजण्यांत आणि हबलच्या गाभ्यातल्या मोजणीत जो मेळ बसत नव्हता, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते.

उपाय रंगांचा. व्ही (हिरवट-पिवळ्या) आणि आय (अवरक्ताजवळच्या) फिल्टरमधल्या प्रतींचा फरक आय-प्रतीविरुद्ध काढा. समूहातल्या जुन्या लंबवर्तुळी दीर्घिका एका तिरप्या रेघेत बसतात. तिला लाल क्रम म्हणतात. या रेघेपेक्षा स्पष्टपणे लाल असलेली दीर्घिका समूहात असू शकत नाही. तिची लाली अंतराने आलेली असते. तेव्हा रेघेच्या वर थोडी मोकळी जागा सोडून त्यावरच्या सगळ्या घ्या. खूप निळ्या आणि अंधूक दीर्घिकाही बहुतेक मागच्या असतात, पण समूहातल्या तरुण निळ्या दीर्घिकांपासून त्यांना दोनच फिल्टरांत वेगळे करणे जोखमीचे आहे. रेघेखालच्या मधल्या पट्ट्याचा मोह टाळा. चार-पाच फिल्टर असतील, तर दोन रंगांचा आलेख काढा किंवा रंगांवरून ताम्रसृतीचा अंदाज घ्या.

निवड नीट झाली का, हे सांगणाऱ्या दोन कसोट्या आहेत. निवडलेल्या दीर्घिकांची दर चौरस कलेतली संख्या केंद्राकडे वाढता कामा नये. वाढली तर सदस्य घुसले आहेत. शिवाय रंगाची सीमा रेघेपासून हळूहळू वर सरकवत न्या आणि आतल्या वलयातला सरासरी शिअर बघा. आधी तो चढत जातो, मग सपाट होतो. सपाटी जिथे सुरू होते, तिथे सीमा ठेवा. इतके केल्यावर ३० पैकी १०–१५ दीर्घिकाच दर चौरस कलेला उरतात आणि हात आखडतो. आखडू देऊ नका. गोंगाट वाढलेला आकडेवारीत दिसतो, पातळ झालेली खूण मात्र कुठेच दिसत नाही.

पायरी ६: अंतरांचा भागाकार

सपाट विश्वात एक सोय आहे. समूह ते दीर्घिका अंतर भागिले आपण ते दीर्घिका अंतर हे गुणोत्तर १ वजा दोन सहचर अंतरांच्या (प्रसरणाचा परिणाम काढून मोजलेल्या अंतरांच्या) भागाकाराएवढे असते. एबेल १६८९ साठी ताम्रसृती १ वर ते ०.७७ आणि ताम्रसृती २ वर ०.८६. मागच्या दीर्घिका नेमक्या किती दूर हे थोडे चुकले, तरी उत्तर फार हलत नाही. जवळचा समूह घेण्याचा हा फायदा. तेच समूह ०.९ ताम्रसृतीवर असता, तर हे गुणोत्तर ०.०८ वरून ०.४१ वर गेले असते, आणि अंतरांच्या अंदाजातल्या तेवढ्याच चुकीने वस्तुमान पाचपट इकडेतिकडे झाले असते.

प्रत्येक दीर्घिकेचे अंतर माहीत नसते. त्याच प्रतींच्या आणि त्याच रंगांच्या दीर्घिका एखाद्या नीट मोजलेल्या क्षेत्रातून घ्या, उदाहरणार्थ कॉसमॉस क्षेत्रातून, आणि गुणोत्तराची सरासरी काढा. अंतराची सरासरी काढून तिचे गुणोत्तर घेणे वेगळे आणि चुकीचे.

पायरी ७: नकाशाआधी वलये

केंद्रातल्या सर्वांत मोठ्या दीर्घिकेभोवती वलये आखा. प्रत्येक वलयात शिअरचा स्पर्शरेषेच्या दिशेचा घटक आणि ४५ अंश फिरवलेला घटक यांच्या सरासऱ्या काढा. वस्तुमान फक्त पहिला निर्माण करते. दुसरा शून्याशी जुळला पाहिजे.

४ ते ६ कलांच्या वलयाचे क्षेत्रफळ ६३ चौरस कला. दर चौरस कलेला १२ दीर्घिका धरल्या, तर जवळपास ७५०. एकीच्या स्वतःच्या लांबटपणातून ०.२८ चूक येते, ७५० जणींच्या सरासरीत ती ०.०१ उरते. खूण ०.०७८ च्या आसपास. म्हणजे हे एकच वलय साडेसातपट ठसठशीत बोलते. अशा चार-पाच वलयांत स्पर्शीय शिअर बाहेरच्या दिशेने उतरत गेला आणि फिरवलेला घटक शून्याभोवती खालीवर झाला, तर पुढे जा. फिरवलेला घटक सलग एकाच बाजूला झुकला असेल, तर पायरी ३ कडे परत. बहुतेकदा पीएसएफ उरलेला असतो.

पायरी ८: नकाशा

कायझर आणि स्क्वायर्स यांनी १९९३ साली दाखवले की शिअरवरून कप्पा फूरिये रूपांतराने, म्हणजे नकाशा लहानमोठ्या तरंगांत सोडवून, सरळ उलटा काढता येतो. चौकटीचे अर्ध्या कलेचे चौकोन पाडा: ६८ × ५४. प्रत्येकात सरासरी तीनच दीर्घिका येतात, चालेल. दोन्ही घटकांच्या भारित सरासऱ्या भरा, रिकाम्या आणि झाकलेल्या चौकोनांत शून्य, आणि चहूबाजूंनी शून्ये लावून जाळे १२८ × १२८ करा. ही किनार नसेल, तर रूपांतर चौकटीच्या डाव्या कडेला उजवीशी जोडते आणि कडांवर भुतासारखे ढीग येतात. दोन्ही जाळ्यांचे रूपांतर करून, आडवी तरंगसंख्या क आणि उभी ख धरून,

कप्पा = [(क² − ख²) × पहिला घटक + २ × क × ख × दुसरा घटक] ÷ (क² + ख²)

हे प्रत्येक ठिकाणी काढा. क आणि ख दोन्ही शून्य असतील तिथे शून्य लिहा आणि उलट रूपांतर करा. मग गाउसी गुळगुळीतपणा द्या, म्हणजे प्रत्येक जागी आसपासच्या चौकोनांची, जवळच्यांना जास्त वजन देणारी सरासरी घ्या.

गुळगुळीतपणा किती, हा चवीचा प्रश्न वाटतो, पण तो हिशोबाचा आहे. दर चौरस कलेला १२ दीर्घिका आणि ०.५ कला रुंदीचा गाउसी घेतला, तर कप्पातला गोंगाट ०.०४६ येतो, १ कलेला ०.०२३. केंद्रापासून ३ कलांवर खरा कप्पा ०.१३ च्या घरात. अर्ध्या कलेवर तो जेमतेम गोंगाटाच्या तिप्पट, एका कलेवर जवळजवळ सहापट. यावरून कळते की जमिनीवरच्या डेटात अर्ध्या कलेहून बारीक तपशील शोधू नये. नकाशावर डोळ्यांना दिसेल, तरी नाही.

पहिला नकाशा शिअर आणि लघुकृत शिअर एकच मानून निघाला. आता त्या कप्पाने प्रत्येक चौकोनातली मोजणी (१ − कप्पा) ने गुणा, पुन्हा नकाशा काढा. तीन-चार फेऱ्यांत तो स्थिर होतो. केंद्राच्या दीड-दोन कलांच्या आत तो स्थिर झाला तरी तिथल्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

यानंतर न चुकता दोन नकाशे आणखी काढायचे. पहिल्यात सगळ्या मोजण्या ४५ अंशांत फिरवा: पहिल्या घटकाच्या जागी उणे दुसरा, दुसऱ्याच्या जागी पहिला. यात समूह पुसला गेला पाहिजे. जे ढीग यात उरतात, तेवढ्या उंचीचे ढीग मूळ नकाशातही फुकटचे असणार. दुसऱ्यासाठी प्रत्येक दीर्घिकेला यादृच्छिक कोनात फिरवून ५०० नकाशे काढा आणि प्रत्येक चौकोनातले प्रमाण विचलन घ्या. ते वरच्या ०.०४६ शी जुळले, तर हिशोब बरोबर. झाकलेल्या भागाजवळ ते फुगलेले दिसेल. मूळ नकाशा छापताना त्या जागा अंधाऱ्या ठेवा.

पायरी ९: गाभा हबलवरून

आतल्या कलाभर भागात भिंग प्रबळ आहे. तिथे एकाच मागच्या दीर्घिकेच्या तीन-चार-पाच प्रतिमा दिसतात. २००५ साली टॉम ब्रॉडहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी हबलच्या प्रतिमांत ३० दीर्घिकांच्या अशा १०६ प्रतिमा ओळखल्या. प्रत्येक दीर्घिकेच्या जितक्या प्रतिमा, त्यातून एक वजा करून दुप्पट, इतक्या अटी मिळतात. म्हणजे इथे १५२.

लेन्सटूल किंवा ग्लॅफिक या भिंगाचे प्रारूप बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक-दोन मोठे लंबवर्तुळी ढीग ठेवा आणि समूहातल्या ठळक दीर्घिकांना छोटे ढीग द्या. दीर्घिकांचे ढीग एकेक मोकळे सोडू नका. ताऱ्यांचा वेगविस्तार (त्यांच्या वेगांतला पसारा, जो ढिगाचे वस्तुमान सांगतो) तेजस्वितेच्या चौथ्या मुळाप्रमाणे बांधून ठेवा, नाहीतर अटींपेक्षा चल जास्त होतात. एबेल १६८९ ला एक ढीग पुरत नाही, ईशान्येकडे दुसरा लागतो. आधी फक्त वर्णपटाने ताम्रसृती पक्की झालेल्या संचांवर प्रारूप बसवा, त्यावरून नव्या प्रतिमा कुठे असाव्यात ते काढा, सापडल्या तर जोडा. रंग जुळतो म्हणून चुकीची जोडी जोडली, तर प्रारूप ती जोडी सांभाळायला वस्तुमान भलतीकडे सरकवते, आणि तक्रार करत नाही. एखादा संच काढल्यावर बाकी सगळ्यांची जुळणी एकदम सुधारली, तर तोच चोर.

जुळणीची चूक दोन-तीन विकला राहिली, तर निराश होऊ नका. दुर्बिणीची मोजणी त्याहून कितीतरी नेमकी आहे, पण एवढ्या गुंतागुंतीच्या समूहाला मोजक्या लंबवर्तुळांत बसवण्याची किंमत तेवढी पडते.

ताम्रसृती २ वरच्या दीर्घिकांसाठी आइन्स्टाइन त्रिज्या ४७ विकलांच्या आसपास, म्हणजे १४५ किलोपार्सेक. त्या वर्तुळातली सरासरी घनता बरोबर क्रांतिक असते. क्षेत्रफळाने गुणले की २ गुणिले १० चा १४ वा घात, म्हणजे दोनशे लाख कोटी सूर्यांचे वस्तुमान, कुठल्याही प्रारूपाशिवाय हाती येते. नकाशाच्या गाभ्याची बेरीज याच्याशी जुळत नसेल, तर नकाशा चुकला.

पायरी १०: न दिसणारी चादर

फूरियेत शून्याच्या जागी आपण शून्य लिहिले. ते आपल्या मनाने. सगळ्या क्षेत्रावर वस्तुमानाची एकसारखी चादर पसरली आणि बाकीचा कप्पा त्या प्रमाणात आखडला, तर लघुकृत शिअर केसभरही बदलत नाही. म्हणजे नुसत्या आकारांवरून नकाशाची शून्यरेषा ठरत नाही.

सुटका तीन वाटांनी होते. क्षेत्र इतके रुंद घ्या की कडेला कप्पा शून्यच मानता येईल. किंवा गाभ्यात वेगवेगळ्या ताम्रसृतींच्या प्रतिमासंचांनी बांधून घ्या. चादर त्या सगळ्यांना एकाच वेळी फसवू शकत नाही. तिसरी वाट मोजदादीची. भिंग आकाश ताणते, त्यामुळे अंधूक लाल दीर्घिकांची दर चौरस कलेतली संख्या समूहामागे घटते. ही घट चादरीमुळे बदलते. समूहातल्या दीर्घिकांनी झाकलेले क्षेत्र आधी वजा करा, नाहीतर त्यांची सावलीच भिंग म्हणून मोजली जाईल.

पायरी ११: एकूण वस्तुमान

वलयांच्या शिअरवर नवारो-फ्रेंक-व्हाइट घनतारेषा (केंद्रापासून घनता कशी उतरते ते सांगणारी) बसवा, आतल्या दोन कला सोडून. एबेल १६८९ चे वस्तुमान हजार लाख कोटी सूर्यांपेक्षा जास्त निघावे. रेषेचा दुसरा चल, गाभ्याची दाटी, बराच वाद घालून गेला आहे. सैद्धांतिक गणितात एवढ्या जड समूहाला ४–५ अपेक्षित, आणि सुरुवातीच्या मोजण्यांत १० च्या वर येत होती. समूह दृष्टिरेषेच्या दिशेने लांबट आहे आणि आपण त्याच्याकडे टोकावरून पाहतो, हे धरल्यावर ताण बराच सैलावतो. एकट्या समूहाचे भिंगावरून काढलेले वस्तुमान या कारणाने आणि वाटेतल्या इतर वस्तुमानामुळे २० टक्के इकडेतिकडे होते. त्याहून लहान चूकपट्टी छापली, तर काहीतरी धरलेले नाही.

पायरी १२: यातले कृष्ण किती

भिंग सगळे वस्तुमान मोजते. समूहात साधारण ८५ टक्के कृष्णद्रव्य, १२–१३ टक्के तापलेला वायू आणि दोनेक टक्के तारे. वायूचा नकाशा चंद्रा उपग्रहाच्या क्ष-किरण प्रतिमांवरून आणि ताऱ्यांचा लाल क्रमातल्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून, आपल्या नकाशाइतकाच गुळगुळीत करून, शेजारी ठेवा. शांत समूहात तिन्ही ढीग एकावर एक बसतात आणि कृष्णद्रव्य वेगळे दाखवता येत नाही. आपटलेल्या समूहात येते. ०.२९६ ताम्रसृतीच्या बुलेट समूहात दोन टोळ्या एकमेकींतून पार गेल्या, वायू आपटून मध्येच रेंगाळला आणि २००६ च्या नकाशात वस्तुमानाचे ढीग वायूपासून सुटून दीर्घिकांबरोबर पुढे गेलेले दिसले, गोंगाटाच्या आठपट खात्रीने.

असाच आपटलेला समूह एबेल ५२०. तिथे २००७ साली मधोमध, जिथे दीर्घिका जवळजवळ नाहीत, तिथे वस्तुमानाचा गडद गाभा असल्याची नोंद झाली. २०१२ मध्ये एका गटाला हबलच्या प्रतिमांत तो पुन्हा सापडला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला हबलच्याच दुसऱ्या कॅमेऱ्यावरून तो सापडला नाही. २०१४ मध्ये पहिल्या गटाला त्या कॅमेऱ्याच्या डेटातही सापडला. गटांमध्ये फरक होता तो पायरी २ ते ५ मधलाच: विद्युतभाराच्या शेपटाची दुरुस्ती, आकारमोजणी, कोणत्या दीर्घिका मागच्या मानल्या.

आपल्या नकाशात असा एखादा विचित्र ढीग आला, तर दीर्घिकांची यादी परत ठेवून चिठ्ठ्या काढल्यासारखी हजार वेळा नव्याने निवडा आणि दर वेळी ढिगाचे शिखर कुठे पडते ते टिपा. गुळगुळीतपणाच्या रुंदीहून शिखर जास्त भटकत असेल, तर त्याच्या जागेवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. मग यादीचे दोन भाग करा, लालांचा एक आणि निळ्यांचा एक, आणि दोन्हींचे नकाशे वेगळे काढा. ढीग दोन्हींत, त्याच जागी आला पाहिजे.